तीनशे किलोचा रंधा, चार फुटांचा बोळ

राजकोट, अहमदाबाद किंवा पंजाबातल्या बटाल्याहून निघालेले रंधा मशीन शेकडो किलोमीटरचा प्रवास ट्रकच्या हौद्यात निमूटपणे करते. पंढरपूरच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात ते उतरते तोवर काळजी ट्रकवाल्याची असते. खरी परीक्षा त्यानंतरच्या शंभर पावलांची. गोदामातून टेम्पो, टेम्पोतून प्रदक्षिणा मार्गालगतचा एखादा बोळ, बोळाच्या वळणावर विजेचा खांब, मग दोन फुटी जोते, तीन पायऱ्या, सागवानी चौकट, उंबरा आणि आत शहाबादी फरशी. गावातल्या सुतारांच्या घरगुती कार्यशाळा बहुतेक अशाच जागी असतात. पुढच्या खोलीत देव्हारे आणि चौकटी तयार होतात, मागे घर नांदते. तिथवर तीनशे किलोचे बीड न्यायचे तर चार धट्टीकट्टी माणसे बोलावून ‘उचला रे’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बोटे चिरडतात आणि कंबरा धरतात त्या याच रीतीने.

आधी वजन ओळखायला शिकावे. लाकूडकामाची जुन्या घडणीची यंत्रे बिडाची असतात आणि बीड दिसते त्याहून कितीतरी जड असते. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड असा बिडाचा तुकडा सुमारे 17 किलो भरतो. या एका आकड्यावरून टेबल, बॉडी, पाय असा हिशेब करत गेले की कोणत्याही यंत्राच्या वजनाचा अंदाज येतो. बारा इंची सरफेस प्लेनर अडीचशे ते चारशे किलोंपर्यंत जातो. तीन हॉर्सपॉवरची नुसती मोटर तीस-पस्तीस किलोंची असते. ज्या ‘छोट्या हत्ती’तून हे सगळे घरापर्यंत येते त्या टेम्पोची भारक्षमताही पाऊण टनाच्या आसपासच आहे, त्यामुळे दोन यंत्रे एकाच खेपेत आणण्याचा मोह टाळलेला बरा.

आता माणसाची ताकद पाहू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषाने हातांनी वाहायच्या ओझ्यासाठी 55 किलोंची मर्यादा सुचवली. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेने 1991 मध्ये कमरेच्या मणक्यांचा विचार करून जे सूत्र मांडले, त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसाचा आकडा 23 किलोंवरच थांबतो. भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमातील 34व्या कलमाने इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली, पण दोन-तीन माणसांची घरची कार्यशाळा त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हती. म्हणजे घरच्या कामात नियम घालून घ्यायचा तो आपला आपणच.

चौघांनी 55 किलोंप्रमाणे उचलले तरी 220 किलो होतात. शिवाय चौघांत ओझ्याचे चार सारखे वाटे पडतात हा समज फक्त सपाट जमिनीवर, तोही कसाबसा, खरा ठरतो. पायरीवर पाऊल पडताच यंत्र कलते आणि बहुतेक भार खालच्या दोघांवर येतो. नेमके तेच दोघे मागे पाऊल टाकत असतात, त्यांना पायाखालचे दिसत नसते आणि यंत्र घसरले तर ते त्यांच्याच अंगावर येणार असते. जड यंत्र हलवताना माणसाने ओझे धरायचे नसते. ते सदैव जमिनीवर, ठोकळ्यांवर, रुळांवर किंवा दोरावर असले पाहिजे आणि माणसाच्या हाती फक्त ढकलणे, रोखणे आणि पाहणे राहिले पाहिजे. पुढची सगळी युक्ती याच एका गोष्टीभोवती फिरते.

या युक्तीतली पहिली वस्तू प्रत्येक गावात मिळते: पहार. पाच फुटी पहारीचे टोक यंत्राखाली घालून टोकापासून तीन इंचांवर बाभळीचा ठोकळा टेकू म्हणून ठेवला, तर दुसऱ्या टोकाच्या दाबाचे एकोणीसपट बळ तयार होते. पंधरा किलोंचा दाब, म्हणजे एका हाताचे काम, आणि पलीकडे पावणेतीनशे किलोंहून अधिक उचल. महाराष्ट्रातल्या गाडी वडारांनी घाट, मंदिरे, धरणे आणि वाडे यांचे दगड पहार, दोर आणि बुटक्या गाड्यांच्या बळावर हलवले. पाठ्यपुस्तकातला तरफेचा नियम त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होता.

पहारीने यंत्राची एक बाजू इंचभर वर आली की लगेच खाली फळी सारावी. मग दुसरी बाजू इंचभर, पुन्हा फळी. एका वेळी एकच बाजू आणि एका वेळी एक इंच. फळी हाताने सारायची नाही, दुसऱ्या काठीने किंवा लांब पट्टीने लोटायची. पहार निसटायला क्षणाचाही अवकाश लागत नाही आणि बिडाखाली गेलेले बोट परत येत नाही. फळ्यांची चवड उभी-आडवी रचत गेले की दोन फुटांचे जोतेही या पद्धतीने चढता येते. वेळ लागतो, पण त्या वेळात कोणत्याही क्षणी हात सोडून चहा प्यायला बसता येते. पद्धत बरोबर आहे की नाही याची हीच खूण समजावी: सगळ्यांनी एकाच वेळी हात सोडला तरी यंत्र जिथल्या तिथे राहिले पाहिजे.

सपाटीवर यंत्र पुढे नेण्यासाठी दीड इंची लोखंडी पाइप पुरतात. यंत्र आधी दोन जाड लाकडी बल्ल्यांच्या चौकटीवर बोल्टने घट्ट बसवावे आणि चौकटीखाली पाइप घालावेत. लाकडी चौकट सिमेंटवरून नुसती ओढायची तर वजनाच्या जवळजवळ निम्मे बळ लागते. पाइपांवर तेच ओझे दोन माणसांच्या सावकाश रेट्याने चालू लागते. पाइप चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर लांब असावेत, म्हणजे ते सरळ करायला हात खाली घालावा लागत नाही. ओझ्याखाली नेहमी निदान तीन पाइप असावेत. मागचा मोकळा झाला की तो पुढे आणावा आणि वळायचे असेल तेव्हा पुढचा पाइप तिरका टाकावा. बोळाच्या काटकोनी वळणावर हा तिरका पाइप दहा माणसांच्या ओढाताणीपेक्षा जास्त काम करतो.

शहाबादी फरशीचे मात्र भान ठेवावे. सोलापूर जिल्ह्यात घरोघरी असलेला हा चुनखडीचा दगड पसरलेला भार आनंदाने सोसतो, पण खाली पोकळी असलेल्या जागी पाइपाचा रेषेत पडणारा भार आला की कडकन तडकतो. जुन्या घरांत फरशीखाली काळ्या मातीची भर असेल तर ती माती उन्हाळ्यात आटून पोकळ्या धरते. उपाय सोपा आहे. वाटेवर पाऊण इंची प्लायवूड अंथरायचे आणि पाइप त्यावरून चालवायचे. या भागात भार वाटून घेण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण रुळांवर धावले होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये सुरू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेत प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही असे ठरवले होते. भार अनेक चाकांवर वाटल्यामुळे अडीच फुटी रुंदीच्या रुळांवरूनही दणकट इंजिने आणि डबे धावू शकले. पुढे हीच लाइन पंढरपूरपर्यंत आली आणि वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यातून उतरल्या. कॅलथ्रॉपने रुळांसाठी केले तेच आपल्याला फरशीसाठी करायचे आहे.

टेम्पोतून यंत्र खाली उतरवणे हा या सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा भाग. चढवताना वजन आपल्याला मागे ओढते आणि थकलो की आपण थांबतो. उतरताना मात्र वजन स्वतःच वाट धरते. पंढरीच्या वाटेवर हे दरवर्षी दिसते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा रथ दिवे घाट चढतो तेव्हा त्याला जादा बैलजोड्या जुंपतात. वर नेण्याचा प्रश्न असा जास्तीच्या ताकदीने सुटतो. उतारावर ताकद उपयोगाची नसते, तिथे रोखण्याची सोय लागते. त्या सोयीची सुंदर परंपरा जळगावात आहे. 1872 मध्ये अप्पा महाराजांनी सुरू केलेल्या श्रीराम रथोत्सवात कार्तिकी एकादशीला, म्हणजे पंढरपुरात कार्तिकी वारी भरलेली असते त्याच दिवशी, अवजड लाकडी रथ अरुंद रस्त्यांतून फिरतो. त्याला वळवणे आणि थांबवणे हे काम चाकाखाली नेमक्या वेळी लावलेल्या मोगरीवर, म्हणजे लाकडी पाचरीवर चालते. ओढणारे शेकडो असतात, पण रथाचा ताबा असतो मोगरी लावणाऱ्या मोजक्या जाणकारांकडे. आषाढीला खाजगीवाल्यांचा रथ पंढरपूरच्या प्रदक्षिणा मार्गावरून जाताना पाहिला असेल त्याला या कौशल्याची किंमत सांगावी लागत नाही.

यंत्राच्या कामातही एक माणूस फक्त पाचरीसाठी राखून ठेवावा. तो ढकलणार नाही, ओढणार नाही. लांब दांडा ठोकलेली पाचर घेऊन तो बाजूने चालेल आणि यंत्र वीतभर सरकले की त्याच्याबरोबर पाचर सरकवत राहील. उतारासाठीच्या फळ्या किती लांब घ्याव्यात याचाही हिशेब आहे. अडीच फूट उंचीवरून उतरताना पंधरा फुटी फळ्या लावल्या तर उतार सहास एक पडतो, आणि तीनशे किलोंचे यंत्र पन्नास किलोंच्या ओढीने खाली येऊ पाहते. फळ्या निम्म्या लांबीच्या घेतल्या तर ओढ जवळपास दुप्पट. बोळात पंधरा फूट मिळत नसतील तर टेम्पोची पाठ सरळ घराच्या जोत्याला किंवा एखाद्या ओट्याला लावावी. दोन्ही पातळ्या जुळल्या तर उतरवण्याचे कामच उरत नाही, फक्त मधली फट जाड फळीने झाकायची. टेम्पो मात्र गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चारही चाकांना दगड लावून उभा असला पाहिजे.

उतारावर वरून दोर हवाच. तो नुसता हातात धरू नये, एखाद्या पक्क्या खांबाला किंवा लिंबाच्या बुंध्याला वेढे देऊन सोडावा. खांब आणि दोर यांच्यातल्या घर्षणाचे गणित अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडले. साध्या दोराचा एक पूर्ण वेढा हाताच्या बळाला सहा-सात पटींनी वाढवतो आणि दोन वेढे चाळीसपटींपर्यंत नेतात. म्हणजे पन्नास किलोंची ओढ दोन वेढ्यांनंतर दीड किलोच्याही आत येते आणि एक माणूस दोर हळूहळू सोडत यंत्र इंचाइंचाने उतरवू शकतो. दोर कधीही स्वतःच्या मनगटाला गुंडाळू नये. घराच्या चौकटीला, गेटच्या ग्रीलला किंवा विजेच्या खांबाला तो बांधू नये. आणि यंत्राच्या उताराकडच्या बाजूला कोणीही, अगदी मार्गदर्शन करायलाही, उभे राहू नये.

बँडसॉची गोष्ट वेगळी आहे. त्याचे वजन रंध्याहून कमी असते म्हणून लोक त्याला सोपा समजतात, आणि उलथून पडणाऱ्या यंत्रांत त्याचाच नंबर वरचा. त्याची वरची आणि खालची चाके उंच बॉडीत बसलेली असतात. समजा त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून तीन फुटांवर आहे आणि पाया दीड फूट रुंद. असे यंत्र चौदा अंशांपर्यंत कलले की आपोआप पडते. सहास एक उतारच साडेनऊ अंशांचा असतो. उरले साडेचार अंश. पाइपाखाली आलेला एखादा खडाही तेवढा कल देऊ शकतो. म्हणून बँडसॉ उतारावर उभा न्यायचाच नाही. पट्टी काढून, टेबल सोडून, पाठीच्या बाजूने गादीवर किंवा जाड गोणपाटावर आडवा करून बल्ल्यांना बांधायचा आणि मुक्कामी नेऊन मगच उभा करायचा.

एवढी काळजी घेऊनही यंत्र कलंडू लागले तर? पडणारी वस्तू झेलायला हात पुढे जाणे हा माणसाचा उपजत स्वभाव आहे, आणि या कामात तोच जीवघेणा ठरतो. तीनशे किलोंचे ओझे एकदा तोल सोडून निघाले की कोणाच्याही हातांनी थांबत नाही. काम सुरू होण्याआधी सगळ्यांना एकत्र उभे करून हे सांगितले पाहिजे: यंत्र पडू लागले तर सोडा आणि मागे व्हा. मालकाने हे स्वतःच्या तोंडाने, मनापासून सांगावे, कारण मदतीला आलेली शेजारपाजारची माणसे त्याच्या पैशांच्या काळजीनेच पुढे हात घालतात. तुटलेले बीड पुन्हा मिळते. प्रत्येकाला मागे सरकायला मोकळी वाट आहे ना, हे आधी पाहून ठेवावे. चार फुटी बोळात यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये कोणी अडकता कामा नये.

हुकूम एकाचाच चालला पाहिजे. रोममध्ये 1586 साली दोमेनिको फोंताना याने सुमारे 330 टनांचा इजिप्शियन स्तंभ सेंट पीटरच्या चौकात उभा केला तेव्हा नऊशेच्या आसपास माणसे आणि चाळीस रहाट कामाला होते. रणशिंग वाजले की ओढायचे आणि घंटा वाजली की थांबायचे एवढेच नियम होते, मध्ये बोलायला मनाई. पंढरपूरच्या माणसाला मात्र रोमपर्यंत जायची गरज नाही. माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळच्या समाजआरतीला चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ-मृदंग गप्प होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते, चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो आणि मगच सोहळा पुढे सरकतो. यंत्र हलवणाऱ्यांनी हीच शिस्त जशीच्या तशी उचलावी. पुढे जाण्याचा शब्द एकानेच द्यावा. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सगळ्यांना, अगदी कडेला उभ्या पोरालाही असावा, आणि तो शब्द ऐकताच काम थांबावे.

चेन पुली, म्हणजे आपली चेन कप्पी, हाताशी असेल तर काम हलके होते, पण ती टांगायची कशाला हा प्रश्न उरतो. पंढरपूरच्या जुन्या वाड्यांवर माळवद असते. फूटभर मातीचा थर प्रत्येक चौरस फुटाला पंचेचाळीस किलोंच्या आसपास भार टाकतो आणि तो सगळा त्या तुळयांवर वर्षानुवर्षे आहे. बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई भिंतीत शिरलेल्या टोकाला वाळवीने पोखरलेली असू शकते. तिला रंधा टांगणे म्हणजे घरावर घाला. त्याऐवजी लोखंडी पाइपांची भक्कम तिपाई उभी करावी. पट्टे बांधताना त्यांचा कोन पाहावा. दोन पट्टे जमिनीच्या पातळीशी साठ अंशांत असतील तर तीनशे किलोंत प्रत्येकावर 173 किलो ताण येतो. तेच तीस अंशांपर्यंत पसरले तर प्रत्येकावर पूर्ण तीनशे. पट्टा बॉडीला बांधावा. टेबलाला, फेन्सला किंवा पात्यांच्या ब्लॉकला बांधला तर बीड वाकत नाही, सरळ मोडते.

हे कसब शिकवणारी माणसे दूर शोधावी लागत नाहीत. पंढरपूरच्या पंचक्रोशीत साखर कारखाने आहेत. गळीत हंगाम संपला की तिथे गिरण्या खोलतात आणि कित्येक टनांचे रोलर बाहेर काढून पुन्हा बसवतात. ते काम करणाऱ्या फिटर आणि खलाशांना रंधा मशीन म्हणजे किरकोळ ओझे. या कारागिरीची ताकद देशाने 1988 मध्ये पाहिली. 8 जुलैला केरळात पेरुमण येथे आयलँड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढण्याच्या कामात बेपूरचे मापिला खलाशी दोर, कप्प्या आणि रहाट घेऊन उतरले होते. असा जाणकार माणूस अर्ध्या दिवसासाठी बोलावून त्याची योग्य मजुरी द्यावी. यंत्राच्या किमतीपुढे ती फार थोडी असते, आणि त्याच्या सोबत राहून घरच्या पोरांचे शिक्षण होते ते वेगळेच.

निघण्याआधी यंत्र जितके सुटे करता येईल तितके करावे. मोटर, व्ही-बेल्ट, फेन्स, गार्ड आणि बाजूची टेबले वेगळी न्यावीत. रंध्याची पाती काढून कापडात गुंडाळून कोणी तरी जबाबदार माणसाने स्वतःजवळ ठेवावीत. काढलेल्या प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि बोल्ट त्याच्या त्याच्या पिशवीत, चिठ्ठीसह ठेवावेत. टेपने दार, वळण आणि जिना आदल्या दिवशी मोजावा. चौकट तीन फुटी असली तरी उघडे दार बिजागऱ्यांवर दोन इंच खाते, तेव्हा दारच उतरवून ठेवलेले बरे. आषाढी-कार्तिकीच्या आठ-पंधरा दिवसांत हे काम काढू नये. प्रदक्षिणा मार्गावर माणसांची रीघ असते आणि जड वाहने आतल्या गावात येत नाहीत. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाइप घसरतो, म्हणून वारीनंतरही पाऊस उघडेपर्यंत थांबावे. चंद्रभागेच्या काठाकडच्या सखल भागात कार्यशाळा असेल तर यंत्रासाठी सिमेंटचा ओटा आधीच बांधून ठेवावा. मोटरीत पुराचे पाणी शिरले तर ती खोलून वाळवल्याशिवाय चालवता येत नाही.

जागेवर बसल्यावर यंत्र चारही पायांवर सारखे टेकले आहे का ते लेव्हलने पाहावे आणि कमी पडेल तिथे लोखंडी पट्ट्या सारून मगच बोल्ट आवळावेत. असमान जमिनीवर जबरदस्तीने आवळलेला पाया टेबलाला पीळ देतो आणि मग कितीही धार लावली तरी रंधा सरळ काढत नाही. अर्थिंग जोडल्याशिवाय स्विच दाबू नये. पाती न बसवता मोटर एकदा क्षणभर चालवून फिरण्याची दिशा तपासावी, कारण तीन फेजच्या जोडणीत कोणत्याही दोन वायरी अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरते. दिशा बरोबर दिसली की वीज पुन्हा बंद करावी, प्लग काढावा आणि मगच पाती बसवायला घ्यावीत.